गुडघा सटकतो तेव्हा

हॉकी खेळणाऱ्या मुलीचा गुडघा जायबंदी होतो तेव्हा पुष्कळदा तिच्या आसपास कोणीही नसते. चेंडूमागे वेगात धावताना दिशा बदलायची म्हणून ती एक पाय टेकवते. बूट टर्फला घट्ट पकडतो, पाऊल जागच्या जागी राहते आणि वरचे शरीर वळते. जवळजवळ सरळ असलेला गुडघा आतल्या बाजूला झुकून पिळला जातो आणि आत काहीतरी ‘टक्’ झाल्याचे तिला जाणवते. दोन-चार तासांत गुडघा आतल्या रक्ताने टम्म फुगतो. तुटलेले असते ते करंगळीएवढे जाड आणि तीन-साडेतीन सेंटिमीटर लांबीचे लिगामेंट, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात. नडगीचे हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू नये आणि गुडघा पिळला जाऊ नये, हे त्याचे काम. नॉर्वेच्या संशोधकांनी हँडबॉल आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या स्त्रियांच्या अशा दहा दुखापतींची चित्रफीत अनेक कोनांतून, चौकट चौकट पुढे सरकवत तपासली. पाऊल जमिनीला टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत, म्हणजे एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागात, लिगामेंट तुटत असावे असे त्यांना दिसले. मेंदूला धोका कळून त्याने स्नायूंना सावध करायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. गुडघा वाचवायचा तर मांडीचे आणि नितंबाचे स्नायू पाऊल टेकण्याआधीच ताणलेले, तयार असावे लागतात, आणि ही तयारी सरावाने अंगवळणी पडलेली असेल तरच त्या क्षणी कामी येते.

या प्रकरणातला मुद्दा त्या ४० मिलिसेकंदांतून निघतो. खेळातल्या सांध्यांच्या दुखापतींबद्दल आपण बोलू लागलो की गाडी लगेच एमआरआय, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, इंजेक्शन आणि ‘चांगला सर्जन कोण’ यांवर येते. पुरावा मात्र दुसरीकडे बोट दाखवतो. बहुसंख्य दुखापतींत निर्णायक ठरतो तो मोजून-मापून वाढवत नेलेला व्यायाम. आधी केला तर दुखापत टाळणारा, नंतर केला तर भरून आणणारा. शस्त्रक्रियेला तिची जागा आहे, पण ती आपण समजतो त्याहून लहान आहे. हे ग्वाल्हेरच्या संदर्भात मांडण्याला कारण आहे. १८५७ च्या शताब्दीला, ऑगस्ट १९५७ मध्ये, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने इथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य पी. एम. जोसेफ त्याआधी मुंबईत कांदिवलीच्या शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्थेचे प्रमुख होते. १९९५ मध्ये या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि आज देशभरातल्या शाळांना आणि संघांना इथून शिक्षक-प्रशिक्षक जातात. त्याच शहरात २००६ पासून मध्य प्रदेशची महिला हॉकी अकादमी आहे. ध्यानचंद यांचे धाकटे भाऊ, १९३२ आणि १९३६ च्या ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या संघांतले रूपसिंह, ग्वाल्हेरचेच झाले होते आणि शिंद्यांच्या या शहरात हॉकी फार जुनी आहे. खेळाडू घडवणारे आणि खेळाडू घडवणाऱ्यांना घडवणारे असे दोघेही एका गावात असणे हा योग क्वचितच जुळतो.

सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त वेळा होणारी दुखापत म्हणजे घोटा मुरगळणे. पाऊल आत वळते आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट ताणले जाते किंवा फाटते. इथे पहिला प्रश्न असतो हाड मोडले आहे का, आणि तो सोडवायला दर वेळी क्ष-किरण लागत नाहीत. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी सोपे नियम दिले: घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर खालच्या सहा सेंटिमीटरांत किंवा टोकाला दाबल्यावर दुखते का, आणि माणूस चार पावले टाकू शकतो का. दुखत नसेल आणि चार पावले पडत असतील तर घोट्याचे हाड मोडलेले असण्याची शक्यता नगण्य. (पावलाच्या मधल्या भागासाठी असेच वेगळे नियम आहेत.) मग बर्फ, क्रेप बँडेज, पाय उशीवर. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची हे सूत्र १९७८ मध्ये अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी रूढ केले. गंमत म्हणजे २०१४ मध्ये त्यांनीच सांगितले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येण्याला उशीर होऊ शकतो. सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग असतो. बर्फाने ठणका कमी होतो, तेवढ्यापुरता तो जरूर वापरावा. पण पंधरा दिवस पाय जमिनीला न लावणे हा उपचार नव्हे. पहिले दोन-तीन दिवस जपून, मग सोसवेल तितका भार टाकत चालणे, मग एका पायावर उभे राहणे, मग तेच डोळे मिटून, हा खरा क्रम.

डोळे मिटून एका पायावर उभे राहण्यात काय मोठे, असे वाटेल. लिगामेंटमध्ये सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारे मज्जातंतू असतात, आणि मुरगळल्यावर ती बातमी अडखळते. म्हणून एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. नेदरलँड्समध्ये नुकताच घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंचे दोन गट केले गेले. दोघांनाही नेहमीचे उपचार मिळाले. एका गटाला घरी करण्यासाठी आठ आठवड्यांचे तोल सांभाळण्याचे व्यायाम जास्तीचे दिले. वर्षभरात साध्या उपचारांच्या गटात ३३ टक्के लोकांचा घोटा पुन्हा मुरगळला, व्यायामाच्या गटात २२ टक्क्यांचा. औषध नाही, यंत्र नाही, फी नाही.

यावर ग्वाल्हेरात हमखास येणारा आक्षेप असा, की आमच्याकडे पहलवान आहेत. उत्तरेकडे हाड बसवणाऱ्याला पहलवान म्हणायची पद्धत आहे, कारण हे काम आखाड्यातूनच आले. आपल्याकडचा हाडवैद्य तोच. लोक सांगतात, तेल लावून एक झटका दिला आणि माणूस चालत घरी गेला. हे अनुभव खोटे म्हणण्याचे कारण नाही. बहुतेक मुरगळलेले घोटे कोणीही हात लावला नाही तरी काही आठवड्यांत चालण्याजोगे होतात आणि श्रेय शेवटी हात लावणाऱ्याला मिळते. हे पहलवानाच्या बाबतीत जितके खरे, तितकेच महागड्या मशीनचा शेक देणाऱ्या क्लिनिकच्या बाबतीतही. शिवाय जाणत्या माणसाच्या हाताने धीर येतो, धीर आला की माणूस पाय टाकतो, आणि पाय टाकणे हाच तर उपचार. धोका असतो तो उरलेल्या थोड्या लोकांना. मोडलेल्या हाडावर जोराची मालिश किंवा बांबूच्या कामट्यांची करकचून बांधणी झाली तर आतला रक्तपुरवठा तुटून स्नायू कायमचे मरू शकतात. कोपराजवळ हाड मोडलेल्या मुलांचे हात असे वाकडे झालेले अस्थिरोगतज्ज्ञांना नवे नाहीत. निखळलेला खांदा मैदानातच ओढून बसवण्यातही असाच धोका आहे. खांदा बसतो, पण बगलेजवळची नस दुखावली किंवा सोबत हाडाचा कपचा निघाला तर ते उशिरा कळते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मोठे खेळाडू तर शस्त्रक्रियाच करून घेतात. ग्वाल्हेरलाच याचे उदाहरण आहे. २४ फेब्रुवारी २०१० ला कॅप्टन रूपसिंह स्टेडियमवर सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४७ चेंडूंत नाबाद २०० धावा केल्या, पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतले पहिले द्विशतक. ज्या डाव्या कोपराने ती बॅट तोलली त्यावर मे २००५ मध्ये लंडनला ‘टेनिस एल्बो’ची शस्त्रक्रिया झाली होती, आणि २००६ मध्ये उजव्या खांद्यावर. मग शस्त्रक्रियेनेच ते द्विशतक शक्य केले म्हणायचे का? तारखा नीट पाहिल्या तर कोपर २००४ मध्ये दुखू लागले आणि शस्त्रक्रियेची पाळी बऱ्याच महिन्यांनी आली. ती पहिली पायरी नव्हती, शेवटची होती. आणि दिवसाकाठी तासन्‌तास जड बॅट चालवणाऱ्या माणसाचे कोपर हा इतरांच्या कोपरासाठी नमुना होऊ शकत नाही. इतरांसाठी पुरावा ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचा आहे. तिथे टेनिस एल्बोच्या १९८ रुग्णांत स्टिरॉइडचे इंजेक्शन, फिजिओथेरपी आणि नुसते थांबणे यांची तुलना झाली. निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सर्वांत खूश होते. वर्षाच्या शेवटी चित्र उलटे झाले: इंजेक्शनने बरे झालेल्यांपैकी ७२ टक्क्यांचे दुखणे परतले आणि काहीच न केलेले त्यांच्या पुढे निघून गेले. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ‘एक सुई मारून घे’ म्हणणाऱ्या प्रशिक्षकाला सहा आठवड्यांचा निकालच दिसतो, कारण वर्षाच्या निकालापर्यंत स्पर्धा संपलेली असते.

आता पुन्हा गुडघ्याकडे. एसीएल सांध्याच्या आतल्या द्रवात असते. तुटल्यावर तिथे रक्ताची गुठळी टिकत नाही, त्यामुळे दोन टोके जोडली जाणे अवघड. गुडघ्याच्या आतल्या कडेचे लिगामेंट सांध्याच्या पोकळीबाहेर आहे, रक्तपुरवठा चांगला आहे, म्हणून ते बहुधा पट्ट्याने आणि व्यायामाने सांधते. या फरकावरून अनेक दशके असे मानले गेले, की तरुण खेळाडूचे एसीएल तुटले की नवे बसवलेच पाहिजे. स्वीडनमध्ये १८ ते ३५ वयाच्या १२१ जणांवर हे तपासले गेले. एका गटाची लगेच शस्त्रक्रिया आणि व्यायाम. दुसऱ्याला आधी व्यायाम, आणि गुडघा दगा देतच राहिला तर शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनीही वेदना, हालचाल, खेळण्याची क्षमता यांत दोन्ही गट सारखेच निघाले. पाच वर्षांत दुसऱ्या गटातल्या सुमारे निम्म्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली; उरलेल्या निम्म्यांना तिची गरज पडली नाही. नंतर त्यांचे एमआरआय पुन्हा पाहिले तेव्हा नुसता व्यायाम केलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे लिगामेंट सांधल्याच्या खुणाही दिसल्या, ज्या दिसणार नाहीत असेच सगळ्यांनी धरून चालले होते.

या अभ्यासावर टीका झाली आणि ती रास्त आहे. त्यात व्यावसायिक खेळाडू नव्हते. आणि ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ३१६ रुग्णांच्या चाचणीत, ज्यांचे एसीएल जुने तुटलेले होते आणि गुडघा वरचेवर सटकत होता, त्यांच्यात शस्त्रक्रिया सरस ठरली. पण दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले तर विरोध उरत नाही. सटकणाऱ्या गुडघ्याला शस्त्रक्रिया लागते; तो सटकतो की नाही हे काही महिने नीट व्यायाम केल्यावरच कळते. याला अपवाद आहेत. गुडघ्यातली गादी फाटून मध्ये अडकली आणि गुडघा सरळच होईना, तर ताबडतोब दुर्बीण घालावी, आणि शिवता येणारी गादी शिवावी. एकाच वेळी अनेक लिगामेंट तुटली तर तेच. आणि दिशा बदलण्याचा खेळ वरच्या पातळीवर खेळत राहायचेच असेल, तर हॉकी अकादमीतल्या मुलीला सर्जन लवकर शस्त्रक्रिया सुचवील आणि त्यात तो चुकणार नाही. मात्र तिथे तिचे उपचार संपत नाहीत. खरे तर सुरू होतात.

नवे लिगामेंट म्हणजे तिच्याच मांडीच्या मागच्या स्नायूची किंवा वाटीखालची कंडरा, हाडात भोके पाडून ओवलेली. बसवली तेव्हा तिला रक्तपुरवठा नसतो. पुढच्या आठवड्यांत तिच्या जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या शिरतात, तंतू नव्याने रचले जातात, आणि या काळात ती बसवलेल्या दिवसापेक्षा कमजोर होते. नेमकी त्याच सुमाराला सूज गेलेली असते, दुखणे थांबलेले असते आणि मुलगी म्हणते, मी ठीक आहे. स्लॅब वरून वाळला म्हणून खालचे टेकू काढण्यातला हा प्रकार. नॉर्वे आणि अमेरिकेच्या संयुक्त अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या १०६ जणांना दोन वर्षे तपासले गेले. नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे लांबवलेल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचा दर साधारण निम्म्याने घटला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे परतण्यापूर्वी मांडीची ताकद आणि एका पायावरच्या उड्या दुसऱ्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत आल्यात का, हे त्यांनी मोजले. ही परीक्षा पास होऊन परतलेल्यांपैकी ५.६ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली. नापास होऊनही खेळलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना. रिओ ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट २०१६ मध्ये, कुस्तीगीर विनेश फोगाट उपांत्यपूर्व लढतीत गुडघा धरून कोसळली आणि स्ट्रेचरवरून बाहेर गेली. नऊ महिन्यांनी, मे २०१७ मध्ये, तिने दिल्लीच्या आशियाई कुस्ती स्पर्धेत रौप्य मिळवले आणि २०१८ मध्ये जकार्तात आशियाई खेळांचे सुवर्ण. हे नऊ महिने रिकामे नव्हते.

पण विनेशमागे यंत्रणा होती. जिल्हास्तरावरच्या मुलीचे काय? निवड चाचणी मार्चमध्ये, वयोगट डिसेंबरमध्ये संपणार, खेळाडूंच्या कोट्यातली रेल्वेची नोकरी त्यावर अवलंबून; ती नऊ महिने कशी थांबेल? हा आक्षेप वैद्यकशास्त्राने सुटत नाही, आणि ‘आरोग्य आधी’ असे म्हणून तो झटकणे मला अप्रामाणिक वाटते. तिचा हिशोब चुकीचा नसतो, तिला दिलेले नियम चुकीचे असतात. वसतिगृहातली जागा आणि भत्ता दुखापतीच्या वर्षात चालू राहिला, तर लपवून खेळण्याचे निम्मे कारण संपते. तिला पुढचे चित्रही कोणी दाखवलेले नसते. स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या फुटबॉलपटू मुलींना बारा वर्षांनी पुन्हा तपासले. त्यांचे सरासरी वय ३१ होते, आणि क्ष-किरण काढलेल्यांपैकी निम्म्यांच्या गुडघ्यात संधिवाताची झीज दिसत होती. शस्त्रक्रिया झाली होती की नाही, याने त्यात फरक पडला नव्हता.

दुखापत टाळण्याला पर्याय नाही तो यामुळे. इथे लगेच ऐकू येते, की मुलींची शरीररचनाच तशी. कंबर रुंद, गुडघे आत, काय करणार? उड्या आणि वळणे असलेल्या खेळांत मुलींचे एसीएल मुलांपेक्षा दोन-तीन पट जास्त तुटते, हे खरे. रचना बदलता येत नाही हेही खरे. पण उडीनंतर गुडघा आत कोसळणे ही सवय आहे, आणि सवय बदलता येते. स्वीडनमध्येच १२ ते १७ वयाच्या ४५६४ मुलींवर एका हंगामात हे करून पाहिले. निम्म्या क्लबांनी आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटे सहा व्यायाम केले: एका पायावरची बैठक, दोन पायांवरची बैठक, पाठीवर झोपून कंबर उचलणे, कोपरांवर शरीर तोलून धरणे, पुढे पाऊल टाकून बसणे आणि उडी मारून नीट उतरणे. साधने शून्य. एसीएलच्या दुखापतींचा दर ६४ टक्क्यांनी कमी झाला. चिकित्सक वाचक विचारील, प्रत्यक्ष किती? व्यायामाच्या गटात सात, दुसऱ्या, थोड्या लहान गटात चौदा. चौदाचे सात करण्यासाठी अडीच हजार मुलींना पंधरा मिनिटे राबवायचे? संख्या लहान आहे, मान्य. पण हा एकाच हंगामाचा हिशोब आहे. मुलगी दहा हंगाम खेळते, आणि प्रत्येक दुखापतीची किंमत एक वर्ष आणि तिशीतला झिजलेला गुडघा. शिवाय ती पंधरा मिनिटे वाया जात नाहीत, त्यात पायाची ताकदच वाढते. मुलींना ती ताकद कमावण्याची संधी मुळात कमी मिळते, ही गोष्ट रुंद कंबरेपेक्षा मला जास्त महत्त्वाची वाटते. आखाडा मुलग्यांचा, वजनांची खोली मुलग्यांची, आणि गुडघा तुटला की दोष हाडांचा.

राहिले प्रशिक्षकांचे म्हणणे, की वॉर्मअप तर आम्ही रोज घेतो. घेतात, मैदानाला दोन फेऱ्या, हात फिरवणे, वाकून अंगठे धरणे. त्याने अंग गरम होते. अंगठे धरण्याने लिगामेंटचे रक्षण होते, असा पुरावा नाही. सूर्यनमस्कार आणि बैठका यांनी ताकद येते, पण त्यांत एका पायावर उतरणे नाही आणि वेगात वळणे नाही. मुलगी जायबंदी होते ती नेमकी तिथे. दोन फेऱ्यांची एक करावी आणि उरलेला वेळ उड्यांना द्यावा, एवढाच बदल. तो करायला डॉक्टर लागत नाही, लागतो तो शिकलेला शिक्षक. म्हणून बी.पी.एड.च्या विद्यार्थ्याने घ्यायच्या सराव पाठात या व्यायामांना जागा मिळणे हे एखाद्या नव्या एमआरआय यंत्रापेक्षा जास्त गुडघे वाचवील, असे माझे मत आहे. एक गोष्ट मात्र त्या पाठात दाखवूनच द्यावी लागेल. रांगेच्या बाजूला उभे राहून शिट्टी वाजवणाऱ्याला उडी मारणारी मुलगी फक्त बाजूने दिसते, आणि बाजूने प्रत्येक गुडघा ठीकच वाकलेला दिसतो. तो आत कोसळतोय का हे समोरूनच कळते. शिक्षकाने रांगेच्या तोंडाशी उभे राहायचे, मुलींना एकेक करून आपल्याकडे उडी मारायला लावायचे, आणि उतरताना गुडघ्याची वाटी पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आहे का ते बघायचे. नसेल तर उडीची उंची निम्मी करून पुन्हा.